बाराचं पाणी

माऊसवर हात नव्हता. दोन्ही हातांत चहाचा पेला होता, आणि तरीही पडद्यावरचा बाण हळूच सरकला.

ऑपरेटर बाईंनी आधी स्वतःची समजूत घातली. टेबलाला धक्का लागला असेल. पण बाण थांबेना. साऱ्या गावाचं पाणी या एका कॉम्प्युटरच्या तालावर चालायचं. पंप, टाक्या, क्लोरीन, सगळं त्यातच. बाण सावकाश क्लोरीनच्या चौकटीपाशी गेला. दोनाच्या पुढे शून्य उमटलं. वीस.

पेला टेबलावर आपटून बाई खाली वाकल्या आणि कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचलेली नखाएवढी वायफायची चिप त्यांनी हिसकून काढली. बाण होता तिथेच थिजला.

चिप लावण्याचा उद्योग त्यांचाच होता. या कॉम्प्युटरला फक्त पंपांकडून येणारी तार जोडायची, बाहेरचं वारंसुद्धा लागू द्यायचं नाही, असा नियम. मोबाइलही फाटकावर जमा करावा लागे. पण घरी आप्पा एकटे होते. बाईंचे वडील आताशा सगळं विसरायचे, आणि नाकाला वास म्हणून येत नसे. महिन्यापूर्वी गॅसचं बटण चालू ठेवून खुशाल पेपर वाचत बसले होते. तेव्हा बाईंनी स्वयंपाकघरात कॅमेरा लावला आणि इथे ऑफिसशेजारच्या पाहुण्यांच्या खोलीतलं वायफाय या चिपने ओढून घेतलं. पडद्यावर डावीकडे पंप, उजव्या कोपऱ्यात आप्पा. तार तारेच्या जागी, वायफाय वायफायच्या जागी. त्यांचं एकमेकांशी काय देणंघेणं?

वायरमनने एकदा चिप पाहून बजावलंही होतं. "बाई, एका दाराला कुलूप घालायचं नि दुसरं सताड उघडं ठेवायचं, हा कुठला शहाणपणा?"

"चोर काय पाणी न्यायला येणारेत?" म्हणून बाईंनी ते हसण्यावारी नेलं होतं.

आता त्यांनी विसाचे पुन्हा दोन केले. कुणी पाहिलं नव्हतं. चिप पर्समध्ये टाकली की झाकली मूठ. केवळ खात्री करावी म्हणून त्यांनी सकाळपासूनच्या नोंदी उघडल्या.

नऊ वाजून पाच मिनिटं, दोनाचे वीस. नऊ पन्नास, विसाचे दोन. दोन्हींपुढे नाव बाईंचं. धोक्याची घंटा त्याआधीच कुणीतरी मुकी करून ठेवली होती. त्या वेळी बाई पडद्याच्या कोपऱ्यातल्या आप्पांना दूध ओतताना बघत होत्या. सांडत तर नाहीत ना, एवढीच काळजी. म्हणजे आत्ता झाला तो दुसरा प्रयत्न होता. पहिल्याचं पाऊण तासाचं पाणी केव्हाच गावाकडे निघून गेलं होतं.

घड्याळात बाराला दहा कमी होते. इथून आपल्या गल्लीत पाणी पोचायला अडीच-पावणेतीन तास लागतात, हे बाईंना पाढ्यासारखं पाठ होतं. गल्लीतला नळ बाराला येई. आप्पा जेवलो की नाही ते विसरत, कधीकधी लेकीचं नावही विसरत, पण बाराचं पाणी कधी विसरले नव्हते. नळ आला की आधी पेलाभर स्वतः प्यायचं, मग भांडी भरायची.

चिप परत लावली तर कॅमेऱ्यातून ओरडता आलं असतं, आप्पा, पिऊ नका म्हणून. पण त्याच वाटेने तोही परत आत आला असता, जो कोण होता तो. बाईंची बोटं चिप घेऊन कॉम्प्युटरपर्यंत गेलीसुद्धा. एका म्हाताऱ्यासाठी सगळं गाव, असा हिशेब त्यांच्या मनात क्षणभर उभा राहिला आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटली. त्या उठल्या आणि साहेबांच्या केबिनकडे धावल्या.

"साहेब, मेन व्हॉल्व्ह बंद करा. सकाळी क्लोरीन दहापट गेलंय."

"कुणी सांगितलं?"

बाईंनी मूठ उघडली. "ही मी लावली होती. महिना झाला. माझं काय करायचं ते मग करा, आधी पाणी थांबवा."

चिप पाहून साहेब पांढरेफटक पडले. त्यांनी व्हॉल्व्हचं बटण दाबलं आणि गावाला सावध करण्यासाठी तिथला एकुलता एक फोन कानाला लावला. दूर कुठेतरी लोखंड घरघरलं. पण पुढे गेलेलं पाणी काही मागे फिरणार नव्हतं.

बाई फाटकाकडे पळत सुटल्या. मैदान संपता संपेना. राखणदाराने दिलेला मोबाइल त्यांच्या हातून दोनदा निसटला. बारा वाजून चार मिनिटं झाली होती. घरचा फोन वाजत राहिला, वाजतच राहिला, आणि एकदाचा उचलला गेला.

"कोण?"

"मी आप्पा, मी! पाणी आलंय का?"

"आलंय की. भांडी भरतोय."

"आप्पा, नीट ऐका. तुम्ही ते प्यायलात का?"

पलीकडे नळ वाजत होता. आप्पा अगदी मनापासून आठवून बघत होते.

"नाही गं लक्षात," ते म्हणाले. "थांब, पिऊन सांगतो."

आणि फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.