डावा दिवा

फौजदारांनी गाडीच्या डाव्या दिव्यावर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहू दिलं.

"हा नवा दिसतोय."

"जुना फुटला," जयसिंगराव म्हणाले.

"कशानं?"

"दगड उडाला."

"व्हय. मालेच्या रस्त्याला दगड लई," फौजदार म्हणाले आणि त्यांनी बोट रुमालाला पुसलं.

माले हे नाव जयसिंगरावांनी काढलं नव्हतं. त्यांनी टोपी नीट केली. ती नीटच होती.

पौडच्या धर्मादाय दवाखान्यापुढं मांडव घातला होता. खुर्च्या सहा, माणसं दोनशे, आणि मधोमध ती लाल गाडी. इंग्रजी बनावटीची, दोनच माणसांची, कापडी टपाची. सत्तेचाळीस साली मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून जयसिंगरावांनी ती घेतली, आणि गेली बारा वर्षं ते घरी आले की आधी गाडीची विचारपूस करत, मग बायकोची. देशात अशा तीनच गाड्या आहेत, असं ते सांगत. उरलेल्या दोन कुणी पाहिल्या नव्हत्या. मुंबईचे एक शौकीन शेटजी तिच्यासाठी चार वर्षं खेटे घालत होते.

असली गाडी माणूस दवाखान्याला का देतो, हे गावात एकानंही विचारलं नाही. जयसिंगरावांना ते जरा विचित्रच वाटलं. पण बरंही वाटलं.

महिन्यापूर्वी, माघातल्या एका सकाळी, धरणाकाठच्या बंगल्यावरून पुण्याला परतताना मालेजवळ धुक्यात काहीतरी धडकलं. जयसिंगरावांनी आरशात पाहिलं. रस्त्यावर काळी घोंगडी पडली होती. घोंगडीखाली कुणीतरी होतं. ते एकदा हललं, मग हललं नाही. जयसिंगराव थांबले नाहीत. दहा वाजता पुण्यात 'नागरिकांची कर्तव्ये' या विषयावर त्यांचं भाषण होतं, आणि ते वेळ पाळणारे गृहस्थ होते.

आठव्या दिवशी दवाखान्याचा कंपाउंडर वाल्मीक त्यांच्या घरी आला. त्यानं पिशवीतून दिव्याच्या काचेचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. मग घोंगडीचा फाटका कोपरा. त्यावर रक्त सुकलं होतं.

"येसाजी धनगराची घोंगडी आहे, साहेब."

"आणि तो...?"

वाल्मीकनं जमिनीकडं पाहिलं. "मी काय बोलू, साहेब? तुम्ही जाणते."

जयसिंगरावांनी पुढं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

मग वाल्मीक दवाखान्याबद्दल बोलला. गेल्या श्रावणात रंभाबाई अडली. बैलगाडीतून पुण्याला न्यायला काढली, ती पिरंगुटलाच गेली. पोटातलंही गेलं. "मोटार असती तर पोचली असती. माझी सख्खी बहीण, साहेब." हे सांगताना मात्र त्यानं जमिनीकडं पाहिलं नाही.

"माझी गाडी दोन माणसांची आहे," जयसिंगराव म्हणाले.

"ती विकू. पेशंट आडवा झोपेल अशी मोठी घेऊ. दानपत्रात विकायचा हक्क तेवढा घाला." दारापर्यंत जाऊन तो वळला. "दान दिलेल्या गाडीचा पंचनामा कुणी करत नाही, साहेब."

आणि आज दानपत्र पुढ्यात होतं. जयसिंगरावांनी जनसेवेवर चार वाक्यं म्हटली आणि सही केली. सही करताना त्यांनी दोनदा गाडीकडं पाहिलं. गाडीवर लई जीव, असं बाया एकमेकींत बोलल्या. साक्षीदार म्हणून फौजदारांनी सही केली आणि टोपण लावता लावता ते जयसिंगरावांकडं पाहत राहिले.

"घाम आला तुम्हाला."

"मांडवात उकडतंय."

वाल्मीकनं कागद उचलला, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली, घडी घालून आतल्या खिशात ठेवला, आणि मग चाकांखाली लिंबं ठेवायला घेतली.

"आता ववाळा गाडीला," सरपंच कोंडाजी ओरडले. "येसाजीची कारभारीण चिमा कुटं हाय? ये बाय म्होरं."

जयसिंगराव खुर्चीतून अर्धे उठले. मांडवाबाहेर पडायचं तर फौजदारांच्या गुडघ्यांवरून जावं लागणार होतं. त्या बाईच्या तोंडाकडं पाहायची छाती नव्हती, म्हणून त्यांनी नजर खाली ठेवली. दोन भेगाळलेले पाय गाडीकडं येत होते.

पायांत जोडवी होती.

जयसिंगरावांची नजर हळूहळू वर गेली. हातात तबक. मनगटांत हिरवा चुडा. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"चिमे, त्या डाव्या दिव्यालाबी कुंकू लाव गं," मागून कुणीतरी म्हणालं.

नवीकोरी घोंगडी पांघरलेला एक म्हातारा गर्दीतून वाट काढत पुढं आला आणि त्यानं जयसिंगरावांपुढं हात जोडले.

"म्या येसाजी, सायेब. एडका आजारी व्हता, गारठला म्हून माजी घोंगडी त्याच्या अंगावर बांधली व्हती. तसाबी जगनार न्हवता त्यो. येका एडक्यापायी येवढं मनाला लावून घ्यायचं व्हय?"