क्लचमधली हवा

दगडोबाच्या जुन्या जीपचा क्लच लागेना, पायडल तळाला जाऊन बसायचं. ऑइलच्या पाइपात हवा धरली होती. ती काढायला दोन माणसं लागतात. एक वर बसून पायडल दाबणारं, दुसरं गाडीखाली हवा सोडायचं निपल सैल करणारं. दगडोबानं बायकोला चुलीपुढून उठवून सीटवर बसवलं आणि आपण पाना घेऊन खाली सरकला.

"दाब."

"दाबलं," गुणाबाई म्हणाली.

निपलची नळी ऑइलच्या बाटलीत बुडवली होती. भराभरा बुडबुडे आले. निपल आवळून त्यानं तिला सोडायला लावलं, पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा तेवढेच बुडबुडे. वायसर नवे, पाइप नवा. एवढी हवा येते कुठून?

"अहो, मला लई दम लागून राहिलाय."

"बसल्या बसल्या कशाचा दम गं? दाब!"

एक बुडबुडा त्याच्या नाकाशी फुटला. मिसरीचा वास आला, गुणाबाईच्या तोंडाला येतो तसा.

"जरा उतरू द्या मला." तिचा आवाज पार बारीक झाला होता.

"हवा संपल्याबिगर न्हाई."

त्यानंतर ती बोलली नाही, पण पाय बरोबर दाबत राहिला. शेवटी नळीतून नुसतं ऑइल आलं. दगडोबा खूश झाला, त्यानं निपल करकचून आवळलं.

"झालं. सोड आता."

पायडल वर आलं नाही.

बाटलीच्या तळाशी राहिलेला एक बुडबुडा सावकाश वर चढला आणि त्याच्या कानाशी फुटला.

"आता तरी उतरू द्या," गुणाबाई म्हणाली.