उलटी गाठ

कासव दिसताच पर्यटकांनी पाण्यातूनच माझ्याकडे वळून अंगठे उंचावले. त्यांना वाटलं, ते प्रवाळाला टेकून निवांत झोपलंय. मी त्यांची गाईड, म्हणून खाली बुडी मारली, तर त्याच्या मानेभोवती जाळं आवळलेलं. कासव मेलं होतं. जाळं एका जागी सांधलेलं होतं आणि तिथली प्रत्येक गाठ उलटी होती. अशा गाठी आमच्या गावात एकच डावखुरी बाई मारते. जाळं कापून, ते हातात घेऊन मी वर आले. पर्यटकांपैकी एकीने तोंडातली श्वासाची नळी काढली. "अभयारण्यात चोरून मासेमारी? कोण हा नालायक?" "बाहेरच्या बोटी येतात हो," मी म्हटलं. घरी आई दारात नवं जाळं विणत होती. मासेमारी सोडल्याचं गावभर सांगणारे बाबा भरदुपारी आत घोरत होते. कापलेली गाठ मी आईपुढे टाकली. तिने ती ओढून पाहिली. "इतकी पक्की गाठ, कापलीस कशाला?"