राजाच्या नावाने

ग्वेर्नसी बेटावरच्या त्या गावाची समुद्रावर जायची वाट जमीनदाराने नवी भिंत घालून अडवायला घेतली होती. गावाने लंडनला राजाकडे अर्जावर अर्ज धाडले, पण उत्तर आलं नाही.

आज अदेल ब्रेहो दोन कोळ्यांना साक्षीला घेऊन आली. डोक्यावरचा रुमाल काढून ती भिंतीसमोर चिखलात गुडघे टेकून बसली आणि खड्या आवाजात म्हणाली, "हारो, हारो, हारो. धाव रे राजा, माझ्यावर अन्याय होतोय."

जमीनदाराचा लंडनहून नुकताच आलेला कारभारी पोट धरून हसला. "म्हातारे, राजाने तुमचे अर्ज वाचले नाहीत. तुझी हाक त्याला समुद्रापलीकडे ऐकू जाणार होय?"

अदेल गुडघ्यावरचा चिखल झटकत सावकाश उठली. कारभाऱ्याच्या मागे भिंत बांधणाऱ्या, बेटावरच्याच सगळ्या गवंड्यांनी थाप्या खाली ठेवल्या होत्या, टोप्या हातात घेतल्या होत्या. अशी हाक पडली की कोर्टाचा निकाल लागेपर्यंत एक दगडसुद्धा हलवायचा नाही, हा इथला बापजाद्यांपासूनचा कायदा.

"राजाला नाही ऐकू गेलं तरी चालतं, बाबा," ती म्हणाली. "गवंड्यांना ऐकू गेलं की झालं."