कमान बसताना

गिरिजाने हात वर केला आणि कमानीच्या दोन टोकांशी उभ्या असलेल्या चौघांनी एकदम पाचरींवर हातोडे घातले. लाकूड करकरलं. बाकी काही झालं नाही.

ओढ्यावरचा हा दगडी पूल कालव्याच्या कामावर अमेरिकेत आलेल्या आयरिश गवंड्यांनी कधीकाळी बांधला होता. मागच्या पुरात त्याची कमान ढासळली. काउंटी तिथे काँक्रीटचे पाइप टाकायला निघाली होती. गिरिजाने तेच दगड वेचून कमान पुन्हा उभी करते म्हणून सांगितलं आणि ड्रॉइंगवर इंजिनियर म्हणून सही केली. गवंडीही तिने थेट आयर्लंडहून आणला. त्या डेक्लनचं सगळं आयुष्य तिकडच्या नोर नदीच्या खोऱ्यातले पूल, पाणगिरण्या आणि पडके मठ सावरण्यात गेलं होतं. शिकत असताना गिरिजाने तिथेच त्याच्या हाताखाली चुना मळला होता.

आज कमानीखालचं लाकडी सेंटरिंग उतरवायचं होतं. इतके दिवस कमान त्याच्यावर रेलून होती आणि ते पाचरींवर; पाचरी ठोकून काढल्या की ते खाली येणार होतं.

काठावर फोल्डिंग खुर्ची टाकून तिचे बाबा बसले होते. जगन्नाथराव नागपूरला बांधकाम खात्यात होते, रिटायर होऊन आता लेकीकडे अ‍ॅशबर्नला आलेले. आल्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद, "अगं, आरसीसीचा स्लॅब टाकून मोकळी झाली असतीस!"

हातोडे पुन्हा पडले. पुन्हा. सेंटरिंग जरासं खाली आलं, तसा कमानीच्या पोटातून एक घोगरा हुंकार निघाला. कमान आवळून धरणाऱ्या मधल्या चावीच्या दगडाशेजारून चुना भुरभुरला आणि तिथे केसाएवढी फट दिसू लागली.

हातोडे थांबले. माणसं दोन पावलं मागे सरली आणि गिरिजाकडे बघू लागली.

"गिरिजा!" बाबा खुर्चीतून उठले होते. "थांबव ते! पाचरी परत आत ठोकायला सांग. सही तुझी आहे त्याच्यावर!"

तिने टॉर्च घेतला आणि फटीवर मारला. फट चुन्याच्या सांध्यातून गेली होती, दगड एकही तडकला नव्हता. मग तिने प्रकाश खाली आणला. कमान जिथून वर उठते ते दोन्हीकडचे दगड निरखले, सांध्यावरून बोट फिरवलं. जागचं काही हललं नव्हतं.

डेक्लन बाजूला उभा राहून पँटला हात पुसत होता. "तू सांगशील तसं," तो म्हणाला.

"बाबा, आता थांबले तर अर्धा लोड लाकडावर आणि अर्धा दगडांवर लटकून राहील," ती मोठ्याने म्हणाली. "खरी रिस्क त्यात आहे."

"आणि पडली तर?"

"पडत नाहीये ती. बसतेय. बसू दे तिला."

तिने हात वर केला.

या वेळी हातोडे जोरात पडले. पाचरी निखळल्या, सेंटरिंग धप्पकन खाली बसलं. ओढ्यावरून धुळीचा लोट उठला. तो विरला तेव्हा लाकूड आणि दगड यांच्यामधून पलीकडचं ऊन दिसत होतं. कमान होती तिथेच होती. कुणीतरी शिट्टी वाजवली. डेक्लनने नुसती मान हलवली आणि गिरिजाच्या पाठीवर चुन्याचा पंजा उमटवला.

ती वळून बघते तर खुर्ची रिकामी. बाबा पुलावर चढले होते. वर अजून मुरूमही भरायचा होता, नुसती दगडांची उघडी पाठ होती.

"बाबा, थांबा! निदान हेल्मेट तरी घाला!"

त्यांनी लक्ष दिलं नाही. एकेक दगड बघत ते बरोबर मध्यावर जाऊन उभे राहिले. मग त्यांनी उजवा पाय उचलला आणि दाणकन आपटला. थोडं थांबले. पुन्हा आपटला, आधीपेक्षा जोरात.

खाली गिरिजाने टॉर्च पुन्हा त्या फटीवर धरला.

"काही पडलं का गं?" वरून आवाज आला.

"नाही, बाबा."

"मग खाली काय करतेस? वर ये."