सुलटी बाजू

हसीनाबीनं मरून रंगाच्या मखमलीचं कापड खिडकीच्या माथ्याला धरलं आणि सवयीनं विचारलं, "सुलटी बाजू आतल्या अंगाला ना, बाई?"

"बाहेरच्या," महामाया म्हणाली.

हसीनाबी स्टुलावरून खाली बघत राहिली. "तीस साल झाले, झालरी शिवून राहिले. झालर घरात बसणाऱ्यासाठी असते, बाई. रस्त्याला उलटी बाजू जाती."

"रस्त्यानं दुनिया जाती, हसीनाबी. आतून कोण बघणार हाय? आम्हीच तर!"

"मग दोन्ही अंगानं मखमल लावू? न्हाईतर आतून अस्तर तरी?"

"घरातल्यांना कशाला अस्तर? चालतंय तसंच."

'घरातल्यांना चालतंय' हा महामायाच्या संसाराचा कायदाच होता. नव्या सोफ्यावर पाहुण्यांनी बसायचं, घरातल्यांना पत्र्याच्या खुर्च्या चालतात. ताजी भाकरी आल्यागेल्याला, शिळी नवऱ्याला. तिचा नवरा नरसिंग एसटीत ड्रायव्हर होता. तीस वर्षं खड्ड्यांतून गाडी हाकलेला माणूस, त्याला सगळंच चालत होतं.

झालरीचं खूळ मात्र ताजं होतं. लातुरात औसा रोडच्या त्या कॉलनीत समोरच्या पार्वतीबाईंनी खिडकीवर झालर लावली आणि महामायाची झोप उडाली. तिनं गंजगोलाईतली चार दुकानं पालथी घातली. मोबाईलवर राजवाड्यांच्या खिडक्या बघितल्या. खिडकी जेमतेम चार फुटांची. तिला झालर दीड फुटाची, खाली सोनेरी लेस, लेसला गोंडे. नाकापेक्षा मोती जड! पण हे बाईला सांगणार कोण? सांगणाराला शिळी भाकरी मिळायची.

घाईलाही कारण होतं. रविवारी निलंग्याहून मुलीकडचे घर बघायला येणार होते. तिचा मुलगा आदर्श, जिल्हा परिषदेत इंजिनिअर, वय चौतीस. तीन स्थळं येऊन गेली होती. ही चौथी मुलगी, लुंबिनी, तलाठी होती. दोघं दोनदा भेटले होते आणि एकमेकांना आवडले होते. आईकडं कधी काही न मागितलेला तो पोरगा या वेळी म्हणाला होता, "आई, हे जमलं पायजे."

"जमतंय की," महामाया म्हणाली होती. "बाहेरून घर बघितल्यावरच निम्मं काम होतंय."

रविवारी दुपारी जीप थांबली. लुंबिनीची आई चांगुणा आणि मामा आनंदराज उतरले. जय भीम झालं. चांगुणा सुती लुगड्यात, हातात शेतातल्या शेंगांची पिशवी. महामायानं त्या पिशवीकडं असं बघितलं, जणू आत विंचू होते. पण फाटकात उभी राहून चांगुणानं वर बघितलं. "खिडक्या लई देखण्या केल्यात की, ताई!" मग मात्र महामायाचा पाय जमिनीवर ठरेना. खेड्यातली बाई, पण नजर हाय, असं तिनं मनातल्या मनात प्रमाणपत्रही देऊन टाकलं.

आत आल्यावर पाहुण्यांना सोफ्यावर बसवलं. समोर खिडकी. खिडकीवर मखमलीची पाठ: पांढुरकी, मळकट, आडव्यातिडव्या टाक्यांची, कडेला लोंबणारे दोरे. एक लांब दोरा पंख्याच्या वाऱ्यानं खिडकीखाली पत्र्याच्या खुर्चीवर बसलेल्या नरसिंगच्या टकलावर सारखा टेकत होता. तो हातानं बाजूला करायचा, दोरा परत यायचा.

चहा आला. पाहुण्यांना सोनेरी काठाचे कप. नरसिंगला कान तुटलेला. त्यानं तो सराईतपणे दोन बोटांनी कडेला धरला. बोटं भाजली, की हात बदलायचा.

चांगुणानं कपाकडं बघितलं. मग वर बघितलं.

"ताई, झालर उलटी लागली का?"

महामायाला हसूच आलं. निलंग्याच्या बाईला काय कळणार! तिनं समजावून सांगितलं. "उलटी न्हाई, मुद्दाम तशी हाय. बाहेरून येणाराजाणाराला सुलटी दिसाया पायजे. ती शिवणारीन अस्तर लावते म्हणत होती. मीच न्हाई म्हणलं. घरातल्यांना काय, कसंबी चालतंय. विचारा यांना."

"हाव," नरसिंग म्हणाला आणि टकलावरचा दोरा बाजूला केला.

आदर्श दारात उभा होता. त्यानं आईकडं बघितलं, मग चांगुणाकडं, आणि मान खाली घातली. चांगुणाचा कप अर्धा भरलेला होता. तो तिनं हळूच बशीत ठेवला. वरच्या खोल्या बघायच्या राहिल्या होत्या, पोहे यायचे होते, तारखेची गोष्ट निघायची होती. ती उठली. भाऊही उठला.

"आम्ही कळवतो," आनंदराज म्हणाले.

या शब्दांचा अर्थ महामायाला चांगला माहीत होता. तीन वेळा ऐकले होते. ती लगबगीनं फाटकापर्यंत मागं गेली. तिला खरंच कळत नव्हतं, चुकलं कुठं. तिनं मखमलीकडं बोट केलं. उन्हात लेस अशी चमकत होती की समोरच्या पार्वतीबाई गॅलरीत येऊन बघत होत्या.

"चांगुणाताई, घर पसंत पडलं न्हाई का? तुम्हीच म्हणलात ना, लई देखणं हाय?"

"हाय की," चांगुणा जीपमध्ये बसता बसता म्हणाली. "बाहेरून लई देखणं हाय, ताई. पण आमची लुंबिनी आत राहणार."