सोळा चित्रं आणि रोजचा बांगडा

"गिळा," सावाए म्हणाली. "गिळा आणि सांगा. तोफेनंतर काय?"

कुमेजीच्या तोंडात नात्तो होता, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. त्याच्या चिकट तारा ओठांपासून वाटीपर्यंत लोंबत होत्या. जपानच्या दक्षिणेकडच्या एहिमेच्या डोंगरात जन्मलेला माणूस हा प्रकार आपखुशीने कधी खात नाही. कुमेजीने डोळे मिटले, एकदाचा गिळला आणि म्हणाला, "ढोल."

"ढोलानंतर?"

"पाणी."

"पाणी चित्रात नाहीये!"

"नसू दे. मला हवंय."

परीक्षेला नऊ दिवस उरले होते. पंचाहत्तरी उलटलेल्याला गाडी चालवायची असेल, तर दर तीन वर्षांनी स्मरणशक्तीची परीक्षा द्यावी लागते. सोळा चित्रं दाखवतात, मध्येच आकडे खोडायला लावून डोकं भरकटवतात आणि मग म्हणतात, आता आठवून लिहा. कुमेजी अठ्ठ्याहत्तरचा, त्याची बायको सावाए शहात्तरची. बोलावणं दोघांनाही आलं होतं, पण सावाएची काळजी कुणालाच नव्हती, खुद्द तिलाही नव्हती. चाळीस वर्षांत तिने परवाना वेळच्या वेळी नवा करून कपाटात ठेवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. गाडीच चालवली नाही, त्यामुळे गुन्हा नाही, त्यामुळे परवान्याला सोनेरी पट्टी. कुमेजीला ती पट्टी जन्मात मिळाली नाही.

प्रश्न त्याचाच होता. मागच्या खेपेला तो काठावर पास झाला होता. या वेळी आपटला तर छोटा पांढरा ट्रक बंद, आणि ट्रक बंद म्हणजे उतारावरच्या त्यांच्या बागेतली सगळी संत्री झाडावरच. गावात बस आठवड्यातून दोनदा येते आणि ती संत्री घेत नाही.

दवाखान्यातल्या नर्सने दिलेलं एक पत्रक सावाएने फ्रिजवर चिकटवलं होतं. मेंदूत निरोप पोचवणारी द्रव्यं प्रथिनांपासून बनतात, वयस्कर माणसांनी भात आणि लोणच्यावर भागवू नये, असं त्यात लिहिलं होतं. झालं! सकाळी दोन अंडी आणि नात्तो, दुपारी टोफू, संध्याकाळी भाजलेला बांगडा. बागेत जाताना खिशात मूठभर सुकी मासळी. तीन महिन्यांत गावातली सगळी मांजरं कुमेजीची भक्त झाली. सावाए स्वतः मात्र भात आणि मुळ्याचं लोणचंच खायची. परीक्षा खरी एकाच मेंदूची आहे, दुसऱ्यावर बांगडा कशाला वाया घालवा, असा तिचा रोखठोक विचार.

आणि नवल म्हणजे गुण येत होता. पाचव्या आठवड्यात कुमेजीला सात चित्रं आठवायची, दहाव्यात बारा. सावाए शेजारणींना सांगत सुटली, "आमच्यांचं डोकं आता विशीतल्या पोराला ऐकत नाही."

परीक्षेच्या दिवशी दोघं शेजारशेजारच्या बाकांवर बसली. कुमेजीने पेन्सिल उचलली ती खाली ठेवलीच नाही. सावाएने तिरक्या नजरेने बघितलं, कागद काठोकाठ भरत होता. तिला एवढा आनंद झाला की आपला कागद अजून अर्धा कोरा आहे हेच ती क्षणभर विसरली.

अर्ध्या तासाने नातीच्या वयाच्या परीक्षक बाईंनी दोघांना आत बोलावलं.

"आजी, तुमची सोळाच्या सोळा बरोबर." मग त्यांनी दुसरा कागद उचलला आणि जरा घसा साफ केला. "आजोबा, इथे चित्रांची नावं लिहायची होती. तुम्ही लिहिलंय, भाजलेला बांगडा. उकडलेली अंडी. टोफू थंड. टोफू गरम. नात्तो. पुन्हा नात्तो." त्यांना हसू आवरेना. "आणि शेवटी, सुकी मासळी, खिशातली."

आता डॉक्टरकडे तपासणीला जायचं, नाहीतर परवाना आपण होऊन परत करायचा. कुमेजीने खिशातून परवाना काढला आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. विचारणा नाही, हुज्जत नाही. एरवी हा माणूस भाजीवालीशी एका मुळ्यावरून अर्धा तास भांडतो.

बाहेर आल्यावर सावाएला रडू फुटलं. "माझंच चुकलं हो. अति केलं मी. तुमच्या डोक्यात नुसती मासळी बसली, चित्रांना जागाच उरली नाही!"

कुमेजीने तिच्या हातात ट्रकची किल्ली ठेवली आणि पलीकडच्या दाराने आत जाऊन बसला.

सावाएने चाळीस वर्षांनी गाडी रस्त्यावर काढली. नाक पुसत, काचेला नाक लावून, गोगलगायीच्या चालीने. मागून एक ट्रॅक्टर आला, त्याने भोंगा वाजवला आणि पुढे निघूनही गेला. पुलापाशी तिला पुन्हा हुंदका आला.

"तोफसुद्धा नाही? अहो, तोफ तर केवढी मोठी काढली होती!"

कुमेजी खिडकीबाहेर बघत होता. "तोफ, ढोल, डोळा, शेगडी," तो म्हणाला, आणि मग थांबलाच नाही. कोंबडी झाली, पक्कड झाली, पलंग झाला. सोळाच्या सोळा, एकामागून एक, शाळेतल्या पोराने पाढे म्हणावेत तशी.

सावाएने कचकन ब्रेक दाबला. "अहो! मग लिहिली का नाहीत? तीन महिने चुलीपुढे मी काय उगाच मेले?"

"कोरा कागद द्यायला लाज वाटली गं. आणि आधी सांगायचं, तर तू एवढ्या हौसेनं रांधत होतीस." त्याने आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. "तुझा बांगडा डोक्यात पोचला सावाए, पायात नाही पोचला. मागच्या महिन्यात शाळेपाशी ब्रेक म्हणून त्यानं दुसरंच दाबलं. पोरं नुकतीच रस्ता ओलांडून गेली होती."